साडेसातची भूक

२०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा असं सुचवलं, आणि बातम्यांनी त्याचं 'समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा' करून टाकलं. तसं काही नाही हा सरकारी खुलासा येईपर्यंत आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. वहिनीने एअर फ्रायरची लिंक टाकली. आईने लिहिलं, "वड्यात बटाटा असतो, तंबाखू नाही."

मी लेस्टरला राहतो, म्हणून माझं मत मागवलं गेलं. फलकांचा अनुभव इथे आहे. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या हॉटेलवाल्यांना मेन्यूवर कॅलरी छापाव्याच लागतात. मी आकडा वाचतो, हळहळतो आणि चिप्स मागवतो.

एअर फ्रायरमध्ये बटाटेवडेही करून पाहिले. पीठ जाळीतून ओघळलं, खाली त्याचा पापड झाला, वर उघडाबोडका बटाटा. कोथिंबीर वडी मात्र झकास होते. अर्थात त्यात यंत्राची काय मर्दुमकी? ती आधीच वाफवलेली असते. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस केली तरी तेवढीच छान लागते. तळणाचा कंटाळा आला की आजी हेच करायची.

माझा मुद्दा घड्याळाचा आहे. शेजारचं इंग्रज कुटुंब संध्याकाळी सहाला जेवतं. त्या जेवणाला 'टी' म्हणतात, चहाचा पत्ता नसला तरी! मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने तीच वेळ धरली, मग आम्हीही. सहाला वरणभात-भाजी पोटात गेली की भजी आठवतसुद्धा नाहीत.

ठाण्यात दादा साडेसातला लोकलमधून उतरतो आणि साडेनऊला जेवतो. मधे स्टेशनबाहेरची कढई. त्या वासातून रिकाम्या पोटी जाणाऱ्या माणसाला ओट्सची टिक्की सुचवणं म्हणजे थट्टाच. त्यापेक्षा ऑफिसातून निघतानाच मूठभर फुटाणे-शेंगदाणे खावेत, आणि घरी आल्या आल्या थेट पानावर बसावं. वाटेत वडा खाल्लाच, तर एकावर भागेल.

वहिनीला पटलं. आईने विचारलं, "आणि पाऊस पडला तर?"

पडला तर भजी करावीत, फक्त कालचं काळपट तेल परत तापवू नये. पण हा नियम ठाण्यापुरता. लेस्टरला बारा महिने भुरभुर चालू असते.