मदतनीस पालक

आमच्या पोरीचा मामा जळगावातच राहतो, तोही आमच्याच गल्लीत, हे माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ आहे. लोकांच्या पोरांना मे महिन्यात मामाचं गाव असतं. आमची पोरगी संध्याकाळी मामाकडे जाते आणि कंटाळा आला की पाच मिनिटांत परत येते. त्यामुळे शाळेच्या ग्रुपवर ‘पहिली ते चौथीच्या मुलांसाठी उन्हाळी लघु अभ्यासक्रम’ अशी सूचना आली, तेव्हा ती आमच्या घरात मोठ्याने वाचली गेली. काड्यांची घरं, वीज आणि दिवे, चॉकलेट, मातीकाम, वाळवणं. एकेक अभ्यासक्रम आठवडाभराचा, वेळ सकाळी सात ते नऊ, म्हणजे ऊन तापायच्या आत. प्रत्येकाखाली तीच ओळ होती : ‘मुले सर्व काही स्वतःच्या हातांनी करतील.’ आणि त्याखाली, चश्मा लागेल अशा अक्षरात : ‘प्रत्येक घरातून एक मदतनीस पालक आवश्यक.’

बायकोची ड्यूटी सकाळची, माझी दुपारची. चर्चा तिथेच संपली.

मदतनीस म्हणजे मदत करायची, असा माझा भाबडा समज होता. तो मॅडमनी पहिल्या सकाळीच दूर केला. मॅडम बांध्याने किरकोळ, पण आवाज असा की भुसावळ स्टेशनवर मालगाडी जात असतानाही शेवटच्या डब्यापर्यंत पोचावा. त्या म्हणाल्या, “पालकांनी साहित्याला हात लावायचा नाही. उत्तर सांगायचं नाही. ‘अरे अरे’ म्हणायचं नाही. मुलाने मदत मागितली तर आधी विचारायचं, तुला काय वाटतं?”

“मग आम्ही इथे कशासाठी, मॅडम?” एका पालकाने विचारलं. हे गृहस्थ बांधकामाचे ठेकेदार.

“पाणी भरायला,” मॅडम म्हणाल्या. “आणि नंतर झाडायला.”

सुरुवात काड्यांच्या घरांनी झाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे घ्यायचे, त्यात दोन्हीकडून काडेपेटीतल्या काड्या खुपसायच्या, झाला सांधा. तीन सांधे, तीन काड्या, त्रिकोण तयार. या खेळाचे जनक अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीतून इंजिनिअर झालेला हा माणूस १९७८ मध्ये ट्रकच्या कारखान्यातून रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामाला गेला आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करू लागला. होशंगाबाद, म्हणजे मध्य प्रदेशातलं आताचं नर्मदापुरम, आपल्याला लांब नाही. भुसावळहून इटारसीची गाडी धरायची, पुढे थोडंसंच. पण आपण भुसावळला गाडी धरतो ती पुण्याची.

तर त्रिकोण हलत नाही आणि चौकोन लुळा पडतो. चौकोनात तिरपी काडी टाकली की तो ताठ उभा राहतो. एवढं स्वतःहून सापडायला मुलांना अख्खी सकाळ लागली. ठेकेदारांना हे माहीत होतं; याच ज्ञानावर त्यांनी दोन कॉलन्या उभ्या केल्या आहेत. त्यांच्या चिरंजीवांनी मात्र एकही तिरपी काडी न टाकता थेट तिसरा मजला चढवायला घेतला. ठेकेदारांचा हात खिशातून बाहेर यायचा, मॅडम बघायच्या, हात परत खिशात. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इमारत मागे कोसळली तेव्हा त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “आवाजावरून कळलं,” ते मला म्हणाले. “कॉलम गेला.”

आमच्या पिढीला ही सवय नाही, हे मान्य करायला हवं. आम्हाला शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मोठ्या आशेने त्याची शिफारस केली होती : मुलांनी हातांनी काम करावं, श्रमाची गोडी लागावी वगैरे. आमच्या वर्गात त्याचं रूप असं की सर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचे, सर ते साच्यात ओतायचे, सर साचा उघडायचे, आणि आम्ही वहीत ‘खडू तयार करणे’ हा धडा उतरवून घ्यायचो. साहित्य, कृती, दक्षता. मला दहापैकी नऊ गुण होते. एक गुण समास न सोडल्याबद्दल गेला होता. खडूला मी हात लावला तो फळा पुसायची पाळी आली तेव्हा.

त्याआधीच्यांची गोष्ट वेगळी. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावून घेतलं आणि आसपास मिळेल त्याच सामानातून सगळं नगर सजवायला लावलं. बांबूच बांबू. पुढच्याच वर्षी वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली. अक्षरं आणि अंक हातातल्या कामातून शिकायचे. माझे आजोबा शाळेत टकळीवर सूत कातायचे आणि ते किती निघालं याचं गणित करायचे. मी त्यांचा नातू. माझ्या हातांना मोबाइलचा चार्जर सरळ बाजूने लावता येतो, तोही दुसऱ्या खेपेला.

विजेच्या आठवड्याला खरी गर्दी झाली. मॅडमनी सांगितलं, लिंबापासून वीज कशी मिळते ते पाहू. त्यावर एक मुलगी उठली, “मॅडम, लिंबू कशाला? केळी आणते ना.” ती रावेरकडची, घरची बाग. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा मोटारसायकलवर आख्खा घड घेऊनच हजर. केळीत तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खोचायचा. वीज केळ्याची नसते. काम जस्त करतं, केळं आपल्या आंबट-खारट रसातून वाट करून देतं. एका केळ्यातून एक व्होल्टही पुरता निघत नाही आणि लाल एलईडीला जवळपास दोन लागतात. म्हणून एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी तीन-चार केळी एका ओळीत जोडायची.

आता पालकांत एक वीज कंपनीतले वायरमन होते. वादळात खांबावर चढणारा माणूस. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मुलाने एलईडी उलटा लावला. एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय अधिकाकडे गेला पाहिजे, उलटा लावला की तो मख्ख बसतो. मुलगा केळी बदलत होता, तार बदलत होता, खिळा पुसत होता. पायाकडे त्याचं लक्षच नाही. वायरमन घामाघूम. ते खोकले. मुलाने वर पाहिलं. वायरमननी छताकडे बघत दोन बोटं उलटी-सुलटी फिरवली.

“खोकायचं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“घसा आहे, मॅडम.”

“घशाला बाहेर न्या.”

ते व्हरांड्यात गेले आणि खिडकीतून पाहत राहिले. खूप वेळाने मुलाने कंटाळून एलईडी उपटला, तसाच कसाही परत खोचला आणि ओरडला, “पेटला वाटतं!” ‘वाटतं’ म्हणायचं कारण आमचं ऊन. सकाळी आठला जळगावात एवढा उजेड असतो की केळ्यावरचा दिवा दिसणं शक्य नाही. मग कोणीतरी सतरंजी आणली, ती टेबलावर टाकली, आणि सगळी पोरं तिच्याखाली शिरली. आतून एकदम कल्लोळ. बाहेर आम्ही सगळे मदतनीस, सतरंजीकडे बघत उभे. आम्हाला आत प्रवेश नव्हता.

रावेरचे आजोबा मात्र वाकून, सतरंजीचं टोक उचलून पाहून आले. “बाकी सांगतो भो,” ते गंभीरपणे म्हणाले, “रावेरचा भाव पाह्यला, बऱ्हाणपूरचा पाह्यला. भाव पडला की माल फेकण्यापरीस आता पंपाले लावतो. तसंही आमच्याकडे लाइट रात्रीच येते.” वायरमननी हा विषय वाढवला नाही. खिळे खोचलेली केळी खायची नाहीत, असं मॅडमनी दोनदा बजावून ती मोजून परत घेतली. उरलेल्या घडाचा हिशेब कोणी विचारला नाही.

चॉकलेटबद्दल थोडक्यातच सांगतो. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. हे ज्याने वेळापत्रक लावलं त्याला ठाऊक नसावं, किंवा तो महाबळेश्वरचा असावा. साचे भरले, वाट पाहिली, पुन्हा वाट पाहिली, मग पोरांनी चॉकलेट चमच्याने प्यायलं. एकाने त्यात शेव बुडवून पाहिली. त्याचं भविष्य उज्ज्वल आहे.

मातीकामात पोळ्याचे बैल करायचे होते. एका आजोबांचा नातू बैलाला पाचवा पाय लावू लागला तेव्हा त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबले. “हाई काय शे रे?” एवढंच ते कळवळून म्हणाले. नातू म्हणाला, “शेपूट. ती जड आहे म्हणून खाली टेकवली.” आजोबांनी आयुष्यभर घडवलेल्या बैलांच्या शेपट्या वाळताना तुटत असत. त्यांनी हात मांडीखालून काढले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण मॅडमचा नियम मोडला तो वाळवणांच्या आठवड्यात. बिबडे करायचे होते, ज्वारीचे. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ, लसूण, मिरची, तीळ घालून शिजवलेला घाटा, आणि तो ओल्या फडक्यावर ओल्या हाताने पातळ थापायचा. शिकवायला धुळ्याकडच्या एक आजी बोलावल्या होत्या. आता शिकवणाऱ्या माणसाने हात लावायचा नाही, हा नियम आजींना कोणी कसा सांगणार? मॅडमनी सांगितला. आजींनी तो शांतपणे ऐकला, पदर खोचला, आणि पहिल्याच मुलीचा हात बाजूला सारला. “असं नही वं बेटा. सरक, मी दखाडस.”

“आजी, तिला करू द्या.”

“करू देस ना. हाई एक दखाडस.”

ते ‘हाई एक’ संपता संपेना. आजी थापत होत्या आणि फडक्यावर एकसारखे, चंद्रासारखे बिबडे उमटत होते. पोरं तोंडाचा आ करून बघत होती, आणि आजींचं लक्ष नाही असं पाहून घाटा खात होती. खरं सांगायचं तर वाळलेल्या बिबड्यापेक्षा गरम घाटा तेल टाकून खाण्यातच मजा असते, हे खानदेशातलं उघड गुपित आहे. पोरांनी ते कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय शोधून काढलं. शेवटी मॅडमनी आजींना मानाने खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात चहाची बशी दिली. दोन्ही हात गुंतले. तेवढ्या वेळात पोरांनी स्वतःचे बिबडे थापले. कोणाचा मासा, कोणाचा मोबाइल. आमच्या कन्येने महाराष्ट्राचा नकाशा थापला. दुपारी उचलायला गेली तर वरचा तुकडा फडक्यालाच चिकटून राहिला.

“बाबा, खानदेश तुटला.”

“तो तसाच बाजूला पडतो,” मागून ठेकेदार म्हणाले. “टेंडरमध्येसुद्धा.”

आजी बशीतून चहा ओढत हे सगळं बघत होत्या. जाताना मॅडमना म्हणाल्या, “पोरं करतस, पण डोळासले दखवत नही माय.”

अभ्यासक्रम संपले तरी नियम घरी आला. त्या रात्री आमच्या कूलरचं पाणी बंद पडलं. मे महिन्यात जळगावात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. मी उठलो. पोरगी माझ्या आधी उठली. तिने प्लगची पिन स्वतः काढली, ती काढून माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, “आता तुम्ही सगळे मागे.”

मी, बायको, माझी आई, तिघेही भिंतीला टेकून उभे. घामाच्या धारा. पोरीने जाळी उघडली, छोटा पंप टबातून बाहेर काढला, उलटा केला, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ न्याहाळला. त्याच्या तोंडात कूलरच्या गवताचा गच्च बोळा बसला होता. मला तो पहिल्या क्षणापासून दिसत होता. तिला दिसायला जो काही वेळ लागला, त्यात माझ्या आईने रामरक्षा म्हणून घेतली. बोळा निघाला, पंप टबात गेला, पिन लावायचा मान मला मिळाला, आणि पाणी खळखळून गवतावर पडायला लागलं. आईने हात जोडले. बायको आडवी झाली.

पोरीने पुन्हा पिन काढली.

“आता काय?” मी विचारलं.

“पाणी वर कसं चढतं ते कळलं नाही. पंप उघडून बघते.”

“चालू झालं ना? मग कसाले उघडस?” आई ओरडली.

“आजी, चालू झालं. कळलं नाही.”

आई उठली, वळकटी काखेत मारली आणि बडबडत गच्चीचा जिना चढू लागली. मागोमाग बायको, उशा घेऊन. पोरीने पंपाचे स्क्रू काढून ओळीने मांडले, झाकण काढलं, आतली छोटी पाती बोटाने फिरवून पाहिली, हसली, आणि झाकण परत बसवायला घेतलं. एक स्क्रू कमी पडला. तिने टब पाहिला, जाळी पाहिली, गवत चाचपलं. तो पलंगाच्या पायाशी पडलेला मला स्पष्ट दिसत होता. मी खोकलो.

“बाबा,” ती मान वर न करता म्हणाली, “घशाला बाहेर न्या.”