वाचले किती?

युरोपला जाऊन आलेली माणसं फोटो दाखवतात. मी वही दाखवतो.

लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. साखर कारखान्यात एकतीस वर्षं कॅशियर होतो, त्यामुळे कोरं पान दिसलं की मधोमध रेघ मारल्याशिवाय हात थांबत नाही. रेघेच्या डावीकडे 'खर्च', उजवीकडे 'वाचले'. हा उजवा रकाना माझा स्वतःचा शोध. मिरज स्टेशनवर उतरून रिक्षा न करता बसने सांगलीत आलो, की बसचं तिकीट डावीकडे आणि न केलेली रिक्षा उजवीकडे. रात्री उजवी बाजू जड भरली तर झोप गाढ लागते. सौ. म्हणते, या हिशेबाने आपण रोज विमान विकत न घेऊन कोट्यवधी वाचवतो. तिला अकाउंट्स कळत नाही.

युरोपचं खूळ तिचंच. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि त्यातली पहिली सहल महाबळेश्वरची होती, दुसरी अजून ठरायची होती. मी टूरवाल्याकडे नुसता भाव विचारायला गेलो. माणशी साडेतीन लाख, रोज रात्री भारतीय जेवणासह. म्हणजे दोघं मिळून सात लाख देऊन पॅरिसमध्ये बसून पनीर खायचं. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनी "जाऊन या हो, वर काय घेऊन जायचंय" असं नेहमीचं सांगितलं. त्यातला एकही शेजारच्या हरिपूरच्या पलीकडे स्वखर्चाने गेलेला नाही. शेवटी पुण्याहून धाकट्याचा फोन आला. "बाबा, तुमचं तुम्ही करा, निम्म्यात होईल."

निम्म्यात. या एका शब्दावर मी चंद्रावरसुद्धा गेलो असतो.

पण व्हिसाच्या खिडकीपाशी कळलं, की ही काही सांगलीच्या बाजारातली गणपती पेठ नव्हे. युरोपातल्या बहुतेक देशांत एकच चालणाऱ्या शेंगेनच्या व्हिसाला माणशी ९० युरो, एक रुपया कमी नाही. जून २०२४ पर्यंत हीच फी ८० होती. हे वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. केवळ आमच्या चालढकलीने २० युरो गेले होते आणि ते लिहायला वहीत रकानाच नव्हता. युरो तेव्हा शंभराच्या वर होता. मनाला फार लागू नये म्हणून मी सरळ शंभर धरला. शिवाय प्रवासाचा विमा हवा, तो किमान ३०,००० युरोंचा. म्हणजे तिकडे आजारी पडल्यास माझी किंमत तीस लाख. सांगलीत एवढी कुणी केली नव्हती.

खाण्याची बाजू मात्र भक्कम होती. साताऱ्याहून मेहुणीने किलोभर कंदी पेढे पाठवले आणि मी स्वतः दोन किलो भडंग घेतलं. त्यात धाकट्याने शोध लावला, की युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. "बाबा, पेढे जप्त होतील." सातारचे पेढे रोमच्या कस्टमवाल्याने खायचे? मुंबईच्या विमानतळावर रात्री दीड वाजता आम्ही दोघांनी समोरासमोर बसून एक किलो पेढे संपवले. शेवटचे चार सौ.ने "तुम्हीच खा, तुमचेच वाचतील" असं म्हणून माझ्याकडे सरकवले. विमानात मिळालेल्या जेवणाकडे आम्हाला बघवेना. ते पैसे तिकिटातच गेले होते, आणि त्यालाही वहीत रकाना नव्हता.

रोममध्ये पाऊल ठेवलं आणि पहिलं प्रेम जडलं ते नासोनेवर. नासोने म्हणजे मोठं नाक. बिडाचा एक खांब, त्याला नाकासारखी वाकडी नळी, आणि त्यातून रात्रंदिवस गार पाणी वाहतंय. १८७४ पासून. शहरभर असे दोनेक हजार तरी आहेत. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि न वाकता पिता येतं. दुकानात बाटलीला दोन युरो मागत होते, म्हणून मी दर नाकापाशी थांबून अर्धा लिटर प्यायलो. दुपारपर्यंत उजव्या रकान्यात चौदा युरो जमा.

मग निसर्गाने डावा रकाना उघडला. मोठ्या स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला एक युरो. दाराशी फिरता आडणा, त्यात नाणं टाकल्याशिवाय आत पाऊल नाही. शंभर रुपये! सांगलीच्या स्टँडवर इतक्या पैशांत माणूस वर्षभर जाऊन येईल. प्यायला फुकट आणि सोडायला शंभर, हा व्यवहार मला रात्रभर छळत होता. दुसऱ्या दिवशी तोड सापडली. इटलीत कॉफी बारपाशी उभ्याने प्यायली तर सव्वा युरो पडते. टेबलाशी बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग, आणि हॉटेलात जेवायला बसलात तर 'कोपेर्तो' म्हणून नुसत्या टेबलाचे वेगळे. पण उभ्याने सव्वा युरोची कॉफी घेतली की आतलं स्वच्छतागृह फुकट. म्हणजे कॉफी पडली पंचवीस सेंटला. या शोधाचा एकच तोटा होता. कॉफीने तासाभरात पुन्हा तीच वेळ यायची. त्या दिवशी मी सात कॉफ्या प्यायलो. रात्री तीन वाजता छताकडे बघत बेरीज पुन्हा तपासली, बरोबर होती.

व्हॅटिकनचं संग्रहालय महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, आणि कोलोसियम पहिल्या रविवारी. हे कळल्यावर मी कॅलेंडर काढलं. शेवटचा रविवार आणि त्यानंतरचा पहिला रविवार, मध्ये बरोबर सात दिवस. दोन्ही फुकट बघायची तर रोममध्ये आठवडाभर जास्त राहायचं, म्हणजे सात रात्रींचं हॉटेल. "मग सोडून देऊ फुकट, तिकीट काढून बघू," सौ. म्हणाली. बायकांना हा विचार किती सहज सुचतो! आम्ही एक फुकट पाहिलं. दुसरं बाहेरून पाहिलं. कोलोसियम तसंही गोल आहे, कुठूनही सारखंच दिसतं. पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ पूर्वी फुकट होतं, २०२३ च्या जुलैत ५ युरोंचं तिकीट लागू झालं. तिथेही उशीरच.

चर्च मात्र बहुतेक फुकट. पियाझ्झा नव्होनाजवळ फ्रेंच लोकांचं एक जुनं चर्च आहे, सान लुइजी. त्यात काराव्हाज्जो या नामांकित चित्रकाराची, येशूचा शिष्य सेंट मॅथ्यू याच्यावरची तीन मोठी चित्रं. जगातले लोक संग्रहालयांत पैसे भरून असली चित्रं बघतात आणि इथे दार उघडं! मी सौ.ला जवळजवळ ओढतच नेलं. आत गेलो तर कोपरा काळोखात. शेजारी एक डबी. त्यात नाणं टाकलं की चित्रांवर दिवा लागतो आणि थोड्या वेळाने खट्कन विझतो.

मी घाई केली नाही. आसपास आठ-दहा माणसं काळोखात उभी होती, सगळ्यांची नजर डबीवर, चेहरे एकदम भाविक. एकेकाच्या खिशात नाणी खुळखुळत होती, पण हात बाहेर येत नव्हता. इतकी माझ्या विचाराची माणसं मी परदेशात प्रथमच पाहत होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक म्हातारा आला, त्याला वाटलं प्रार्थना चालू आहे, तोही मान खाली घालून उभा राहिला.

आणि खण्ण असा आवाज झाला. दिवा लागला. सगळे पुढे सरसावले, मीही. वळून पाहतो तर डबीपाशी सौ.

"किती टाकलेस?"

"चित्र बघा आधी."

चित्रात एका टेबलाभोवती जकात वसूल करणारी माणसं बसली आहेत, समोर नाणी पसरलेली. उजवीकडून येशू आलाय, हात लांब करून मॅथ्यूला बोलावतोय. वरून उजेडाची तिरीप पडली आहे. काही जण चमकून बघतायत. पण टेबलाच्या टोकाला एक पोरगा मान खाली घालून नाणी मोजतोय. त्याला पत्ताच नाही.

"तो बघा," सौ. म्हणाली, "कारखान्यात असल्यासारखा."

मी म्हणालो, अगं, कॅश जुळल्याशिवाय उठता येत नाही त्याला. ती काही बोलली नाही. दिवा विझला. पुन्हा नाणं तिनेच टाकलं. आणखी दोन चित्रं बाकी होती म्हणाली.

रोमहून पॅरिसला जायला धाकट्याने विमान काढून दिलं होतं, माणशी फक्त बावीस युरो. आमच्या विट्याच्या गाडीपेक्षा स्वस्त नसलं तरी विमान ते विमान. अट एकच, सीटखाली मावेल अशी एक पिशवी, ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. आता भडंगाचा स्वभाव सांगतो. त्याला वजन नाही. मुंबईच्या काट्यावर दोन किलो भडंग म्हणजे काहीच नव्हतं. पण जागा त्याला पोत्याएवढी लागते, आणि ही स्वस्त विमानवाली मंडळी वजन बघत नाहीत, माप बघतात. दाराशी लोखंडी चौकट ठेवलेली. माझी पिशवी त्यात चार बोटं वर राहिली. बाई म्हणाली, साठ युरो.

सहा हजार रुपये! भडंगाच्या अख्ख्या दुकानाचा दिवसाचा गल्ला असेल तो. मी पिशवी उघडली आणि भडंग कमी करायला लागलो. कोटाचे चार खिसे भरले, पँटचे दोन भरले, मफलरची पुरचुंडी केली. उरलेलं रांगेत वाटलं. लसणीचं तिखट पहिल्यांदाच लागलेला एक उंच गृहस्थ डोळे पुसत पुन्हा हात पुढे करत होता. पिशवी चौकटीत बसली. वहीत लिहिलं: वाचले ६०. विमानात पासपोर्ट काढला तरी मांडीवर चुरमुरे सांडत होते. मधे खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसले, सौ.ला म्हणालो, हे बघ आल्प्स, स्वित्झर्लंडही झालं. किती वाचले ते इथे लिहीत नाही, लोकांना खोटं वाटेल.

विमान पॅरिसला उतरलं असं ते म्हणाले. उतरलं होतं बोव्हे नावाच्या गावात. तिथून पॅरिस ऐंशी किलोमीटर. सांगलीला सोडतो सांगून कऱ्हाडला उतरवावं, तसं. पुढच्या बसचे पैसे वेगळे.

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही. लूव्र संग्रहालयाला युरोपीय संघातल्या माणसाला २२ युरो आणि आमच्यासारख्याला जानेवारी २०२६ पासून ३२; तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी काचेच्या पिरॅमिडपाशी फोटो काढला आणि परतलो. आयफेल टॉवरला लिफ्टपेक्षा जिन्याचं तिकीट स्वस्त, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. मी चढलो. सौ. खाली बाकावर बसली आणि माझ्या कोटातलं भडंग खात राहिली. गुडघ्यांसाठी नंतर सांगलीत जे तेल आणि फिजिओथेरपी झाली, ती मी सहलीच्या खात्यात धरलेली नाही. रात्री दर तासाला पाच मिनिटं तो टॉवर चमचमतो, ते मात्र फुकट असतं. तीन वेळा पाहिलं.

घरी आल्यावर रविवारी जेवणं झाली आणि मी सगळ्यांसमोर बेरीज वाचून दाखवली. खर्च चार लाख दहा हजार. वाचले पाच लाख सदतीस हजार. धाकटा फोनवर होता, तो नुसता हसला. सौ.ने वही हातात घेतली, चष्मा लावला आणि शेवटचं पान नीट पाहिलं.

"म्हणजे खर्चापेक्षा जास्त वाचले?"

"मग!"

"कुठे आहेत?"

"काय?"

"पाच लाख सदतीस हजार. माझ्या पाटल्या व्हायच्यात."

मी समजावून सांगितलं, की अगं, हे तसे वाचलेले नव्हेत, हे न गेलेले. कागदावरचे. तिने वही मिटून माझ्यासमोर ठेवली.

"एकतीस वर्षं कॅशियर होतात ना? मग कॅश दाखवा."

उद्या सकाळी अकराला सराफ कट्ट्यावर जायचंय. रिक्षाने, असंही सांगून ठेवलंय.