महादजी नको, राणेखान उभा करा

पुण्यात समाधी-छत्र्यांवर पोशाखातली पात्रं घेऊन फेरी काढायची म्हटलं की प्रत्येकाला थेट महादजी शिंदेच व्हायचं असतं. वानवडीच्या शिंदे छत्रीत, म्हणजे महादजींच्या समाधीच्या जागी, तरी हे करू नका, असं माझं ठाम मत आहे. समाधीसमोरच मिशा चिकटवलेला माणूस 'मी पाटीलबाबा' (हे महादजींचंच नाव) म्हणायला लागला की लोक त्याच्या मिशांकडे बघतात, समाधी राहते बाजूला.

त्याऐवजी राणेखान भिस्ती, म्हणजे मशकीतून (कातडी पिशवीतून) पाणी वाहणारा, उभा करा. 1761 साली पानिपतावर पायाला जबर जखम झालेल्या महादजींना यानेच वाचवलं. त्याच्या तोंडून ती पळापळ ऐकली की महादजी आपोआप दिसतात. त्याने पानिपताबद्दलच बोलावं, तेही पाच मिनिटं. 12 फेब्रुवारी 1794 ला महादजी इथे वानवडीत वारले, हे साध्या कपड्यांतल्या सूत्रधाराने सांगावं. एकाच पात्राकडून सगळं चरित्र वदवलं की ते शाळेतलं भाषण होतं.

पोशाखाला जाडंभरडं सुती कापड घ्या. पॉलिस्टर उन्हात चमकतं आणि फोटोत लगेच उघडं पडतं. अंगरख्याला बंद हवेत. बटणं, चेन, वेल्क्रो काही नको. सत्कारात मिळते ती पगडी भिस्त्याला अजिबात नको, साधं मुंडासं बांधा. मशक कॅनव्हासची शिवली तरी चालते, पण तिच्यात पाचेक लिटर पाणी भराच. रिकामी मशक घेतली की खांदा झुकत नाही, चाल खोटी वाटते. शिवण आतून मेणाने बंद केली नाही तर दुसऱ्या प्रयोगात पाठ भिजते. घड्याळ आणि चष्मा काढायला लोक हमखास विसरतात.

माइकशिवाय वीस माणसांच्या पुढे आवाज पोचत नाही, त्यात बाहेर रहदारी. म्हणून सकाळी सातलाच सुरू करा. छत्रीतल्या देवळाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्या आणि संहिताही त्यांना वाचायला द्या. पुढे कुरबुर होते ती बहुतेक एखाद्या वाक्यावरून. झिजलेला शिलालेख वाचायला खडू किंवा पीठ चोळू नका, दगड खराब होतो. आरशाने तिरका उजेड पाडा, अक्षरं उठून दिसतात.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत, जिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी आहेत, मात्र पोशाख नकोच. तिथल्या अनेकांचे जवळचे नातेवाईक आजही हयात असू शकतात. शिळांवर कोरलेली नावं, पलटण, वय सूत्रधाराने सावकाश वाचावं, तेवढं पुरे.