एक कोटी गेटपिडची शर्यत

दावा ओळखीचा आहे: एकाच लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज टाका, दोन्हीकडे स्वतःचा प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) विचारणारं फंक्शन (लिनक्सवर गेटपिड, विंडोजवर गेटकरंटप्रोसेसआयडी) एक कोटी वेळा फिरवा, ज्याला कमी वेळ लागेल त्याचे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या विनंत्या) वेगवान, म्हणून ती ऑपरेटिंग सिस्टिमच वेगवान.

मुळात सिस्टिम कॉल झाला का? विंडोजचं गेटकरंटप्रोसेसआयडी कर्नलमध्ये जातच नाही, प्रोसेसच्या मेमरीतला आकडा वाचून परत येतं. (लिनक्सवाल्यांनो, या कसोटीवर तुम्ही आजच हरलात.) लिनक्सवर जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या २.३.४ ते २.२४ या आवृत्त्या गेटपिडचं उत्तर जपून ठेवत. २०१७ मध्ये आलेल्या २.२५ ने ही सोय काढली. म्हणजे कोड तोच, मशीन तेच, पण जुन्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार संचावर) लूप भुर्रकन संपणार आणि नव्यावर नाही. कर्नलचा यात काडीचा संबंध नाही. खात्री करायची तर प्रोग्राम ‘एसट्रेस -सी’ (सिस्टिम कॉल मोजणारं साधन) लावून चालवा: जुन्या जीलिबसीवर कोटीऐवजी गेटपिडचा जेमतेम एखादा कॉल दिसेल. वेळ मात्र तसा मोजू नका, एसट्रेस प्रत्येक कॉलला अडवतं. एलएमबेंच हे वेग मोजणारं साधन रिकाम्या (जवळपास काहीच काम नसलेल्या) कॉलसाठी गेटपीपिड (आपल्याला सुरू करणाऱ्या, म्हणजे पालक प्रोसेसचा आयडी विचारणारं फंक्शन) वापरतं ते उगाच नाही; पालक प्रोसेस बदलू शकते, त्यामुळे ते उत्तर जपून ठेवता येत नाही.

‘मशीन एकच, म्हणून तुलना रास्त’ हेही फसवं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघडकीला आल्यावर इंटेलच्या तेव्हाच्या पिढ्यांवर बचाव म्हणून कर्नलमध्ये शिरताना-निघताना पेज टेबल (मेमरीचा नकाशा) बदलणं आलं. एएमडीला त्याची गरज नव्हती. लिनक्स ‘मिटिगेशन्स=ऑफ’ देऊन (म्हणजे असे बचाव बंद ठेवून) बूट करा, तोच कर्नल वेगळा आकडा देईल. दोन्हीकडे कोणते बचाव चालू होते हे न सांगता काढलेल्या आलेखाला अर्थ नाही.

राहिला ‘कॉल वेगवान तर प्रोग्राम वेगवान’. डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या आज्ञेने १ जीबी शून्यं डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं फेकून देणाऱ्या खोट्या फाइलमध्ये) ओता. ब्लॉक ६४ केबीचा ठेवलात तर १६,३८४ रीड आणि तितकेच राइट. ब्लॉक १ बाइटचा केलात तर दोन्ही मिळून दोनशे कोटींच्या वर. ऑपरेटिंग सिस्टिम तीच, कॉल किती करायचे हे तुम्ही ठरवलंत. उलट, विंडोजवर हजारो लहान फाइली उघडणारा बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) रेंगाळतो तेव्हा फाइल उघडण्याच्या वाटेत अँटिव्हायरसचा फिल्टर बसलेला असू शकतो. रिकाम्या कॉलच्या आकड्यात त्याचा मागमूसही नसतो.