प्रिंटरचा सातबारा

मे सरता सरता आमच्या घरात दोन गोष्टींवरून आरडाओरडा असतो: कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं आणि प्रिंटर काऊन चालत नाही. आमचं गाव वरुड तालुक्यातलं. मृग लागायच्या आधी पीककर्जाचं नवंजुनं करायचं असतं, बँकेला सातबारा आणि आठ-अ लागतो, आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरले की घरबसल्या निघतो. निघतो म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर. कागदावर उतरवायला म्हणून मी दिवाळीत वायरलेस प्रिंटर आणला आणि हौसेहौसेनं घरातल्या सगळ्यांना जोडून दिला. तेव्हापासून तो सगळ्यांचा आहे. बिघडला की फक्त माझा.

त्या दिवशी दुपारी वारं सुटलं, लाइन गेली, आली. बाबांनी लॅपटॉपवर प्रिंट दाबली. पडद्यावर ‘ऑफलाइन’. इकडे प्रिंटरचा दिवा मात्र जावयासारखा ऐटीत लुकलुकतोय.

“नेट गेलं असन,” काका ओट्यावरून.

आमच्याकडे दूध नासलं तरी नेट गेलेलं असतं. घरातल्या घरात छापायला नेट नाही, राउटर लागतो, हे सांगून माझी जीभ झिजली. तरी काकांचं अगदीच चूक नाही. खोदकामात केबल तुटली की आपला मोबाइल न विचारता सिमच्या डेटावर उडी मारतो. मग तो राउटरच्या वाड्याबाहेर. त्याला माजघरातला प्रिंटर दिसणार कसा? पण लॅपटॉपला कुठलं सिम?

“कूलर लावला तवापासून त्याचं बिनसलं,” आई म्हणाली. “मी म्हनूनच रायली, पन या घरात माहं आयकते कोन?”

मी हसलो. मग पाहिलं तर राउटर समोरच्या खोलीत, प्रिंटर माजघरात, आणि मधल्या दारात कूलर. पत्र्याचा देह, ओल्या ताट्या, पोटात गळ्यापर्यंत पाणी. वायफायच्या लहरींना पत्रा अडवतो आणि पाणी गिळतं. दोन्ही आम्ही एकाच ठिकाणी, चाकांवर बसवून ठेवलेलं. प्रिंटर दोन हात बाजूला सरकवला, सिग्नलच्या दोन दांड्या वाढल्या. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घालून वायर गुंडाळायला लागलो.

ऑफलाइन ते ऑफलाइनच.

रात्री सगळे अंगणात खाटा टाकून झोपल्यावर मी पुन्हा बसलो. आमच्या प्रिंटरचं एक बटण दाबून धरलं की तो स्वतःची कुंडली छापतो. सातबारा छापायला नखरे, स्वतःची कुंडली मात्र झरझर! त्यात त्याचा पत्ता होता: १९२.१६८.१.९. लॅपटॉप मात्र त्याला १९२.१६८.१.५ वर शोधत होता. दुपारी लाइन आल्यावर राउटरनं जो येईल त्याला नव्यानं नंबर वाटले, आणि पाच नंबर गेला पुतण्याच्या मोबाइलला. म्हणजे दुपारपासून आमचा लॅपटॉप इमानेइतबारे त्या मोबाइलला सातबारा छापायला सांगत होता, आणि पुतण्या त्यावर गेम खेळत होता.

राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं, प्रिंटरचा मॅक नंबर, म्हणजे त्याचा जन्मजात ओळख क्रमांक, टाकला आणि पाच नंबर त्याच्या नावानं कायमचा राखून ठेवला. पुतण्याच्या उशाचा मोबाइल हळूच बंद केला. प्रिंटर बंद करून चालू केला.

रांगेत काय काय तुंबलंय, हे पाहायचं तेवढं राहिलं.

बाबा प्रिंटचं बटण मोटारीच्या स्टार्टरसारखं वापरतात; धरत नाही तोवर दाबायचं. रात्री एक वाजता प्रिंटर खडखडला आणि एकामागोमाग ११ सातबारे बाहेर पडले. पाठोपाठ काकूची लग्नातल्या आहेराची यादी, तीही रंगीत.

बाबा टॉर्च घेऊन आत आले. कागद मोजले. मी झाला प्रकार सांगितला.

“म्हंजे याले सोताचा नंबर भेटला?”

“हो, कायमचा.”

“आपल्या धुऱ्याची मोजनी दोन वर्सापासून अडकून हाय, अन् याचं एका रातीत झालं!” बाबांनी प्रिंटरवर टॉर्च मारला, जरा आदरानंच. अकरातला एक सातबारा घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि दारातून मागं वळून म्हणाले, “पाय बरं, आता फेरफार नको होऊ देजो.”