‘जेवढं वजन तेवढाच ताण’? यारीच्या दोराला विचारा

उन्हाळा लागला, विहिरींची कामं निघाली, खोदलेला मुरूम दोरानं वर ओढणारी यंत्रं, म्हणजे याऱ्या, सुरू झाल्या, आणि बीड-जालन्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर तो मेसेज परत फिरू लागला: ‘दोरावर जेवढं वजन तेवढाच ताण. वर जाताना ताण वाढतो, खाली येताना कमी होतो, म्हणून माल खाली बिनधास्त सोडा. कप्पी मोठी बसवली की ताण निम्मा.’ खाली सही, ‘एक विज्ञान शिक्षक’. मीही बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

मुळात पहिल्या दोन वाक्यांचंच आपसांत जमत नाही. ताण वजनाएवढाच असेल तर वाढतो-घटतो कसा? असो, एकेक घेऊ.

‘जेवढं वजन तेवढाच ताण.’ टोपलं नुसतं लटकलेलं असेल तर कबूल. मुरमानं भरलेलं टोपलं 400 किलोचं धरा. पृथ्वी त्याला 400 × 9.8, म्हणजे 3920 न्यूटननं खाली ओढते; दोर तेवढंच वर ओढतो. आता टोपल्याचा वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंदानं वाढवत वर घ्या. न्यूटनचा दुसरा नियम म्हणतो, एकूण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारा बदल). म्हणजे वजन पेलून वर आणखी 400 × 2 = 800 न्यूटन दोरानंच द्यायचे. ताण झाला 4720.

‘वर जाताना जास्त, खाली येताना कमी.’ हे वाक्य जीवावर बेतणारं आहे. ताण टोपलं कुठं चाललंय यावर ठरत नाही. त्याचा वेग बदलतोय का आणि कोणत्या बाजूला, यावर ठरतो. एकसारख्या वेगानं वर जाणाऱ्या टोपल्याचा ताण 3920. एकसारख्या वेगानं खाली येणाऱ्याचाही 3920च. खाली सोडताना अगदी सुरुवातीला, वेग वाढत असतो तेवढ्यापुरता, ताण कमी होतो. मेसेजवाल्यानं तेवढंच पाहिलं.

पण सात परस खाली गेल्यावर टोपलं थांबवायचंही असतं. बांधकामाचा माल तेवढ्याच वजनाचा, दीड मीटर प्रति सेकंदानं खाली चाललाय, आणि ड्रायव्हरनं 0.3 सेकंदात ब्रेक लावला. वेग खालच्या दिशेचा, तो मोडायचा म्हणजे त्वरण वरच्या दिशेचं, 1.5 ÷ 0.3 = 5. ताण 400 × (9.8 + 5) = 5920 न्यूटन. उभ्या वजनाच्या दीडपट, तोही ‘खाली येताना’!

ढिल्या दोराचं त्याहून वाईट. टोपलं तळाला टेकलंय, दोर सैल आहे, दोर गुंडाळणारा ड्रम आधीच फिरतोय. दोर ताठ झाला की टोपल्याला 0.1 सेकंदात तोच दीड मीटरचा वेग घ्यावा लागतो. त्वरण 15, सरासरी ताण 9920 न्यूटन, म्हणजे अडीचपट. आमच्या गावाकडचा एक यारीवाला नियम-बियम काही न शिकता सांगतो, “सर, दोर वजनानं नाही तुटत, हिसक्यानं तुटतो.” तो आधी दोर हळूच ताठ करतो, मगच उचलतो.

‘मोठी कप्पी, निम्मा ताण.’ नाही. वर पक्की बसवलेली कप्पी दोराची दिशा फक्त वळवते, मग ती वीतभर असो की हातभर. मोठ्या कप्पीवर दोर कमी वाकतो, कमी झिजतो, म्हणून ती बसवावी जरूर. ताण निम्मा करायचा तर कप्पी टोपल्यासोबत वर-खाली फिरणारी हवी, आणि दोराचं एक टोक वर बांधलेलं.

गणितावर विश्वास नसेल तर भंगारवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा घ्या आणि त्याला 5 किलो ज्वारीची पिशवी अडकवा. काटा हातात धरून झपकन खाली न्या आणि गचकन थांबवा. निघताना काटा 5 च्या आत येतो. थांबवताना कुठं जातो, तेवढं त्याच ग्रुपवर टाका.