रेंज कमी झाली हे खरं, पण टायर डुप्लिकेट नव्हते

नमस्कार सर, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि उत्तर लिहायला सकाळपर्यंत थांबलो कारण आधी तुमचं बिल आणि फिटिंगची नोंद काढून बघायची होती. तुम्ही लिहिलंय की दीड महिन्यापूर्वी आमच्याकडून चारही टायर बदलले, आधी फुल चार्जवर ३०० किमी जायची ती इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) आता २६० वर आलीय, म्हणजे आम्ही जुना नाहीतर डुप्लिकेट माल लावला आणि घोडबंदर रोडवरच्या लोकांनी आमच्याकडे येऊ नये.

आधी मालाचं सांगतो कारण तो आरोप मला खरंच लागला. टायरच्या साईडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी लिहिलेलं असतं, तिथले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे १४२५ असेल तर २०२५ चा चौदावा आठवडा. हा कोड एकाच बाजूला पूर्ण असतो, बाहेरून नाही दिसला तर आतल्या बाजूला असेल. बिलावर आम्ही चारही टायरचे कोड लिहिलेत, ताडून बघा. कंपनीची वॉरंटी पण तुमच्या नावावर चढलीय, डुप्लिकेट मालाची ती चढत नाही.

आता रेंजचं. तुम्ही खोटं बोलताय असं मी अजिबात म्हणत नाही, रेंज कमी झाली असणारच आणि त्यात टायरचा मोठा हात आहे. टायर फिरताना रोज हजारो वेळा दबतो आणि परत सरळ होतो, त्यात रबर गरम होतं आणि ती ऊर्जा गेली ती गेली, ब्रेक मारल्यावर रीजनने, म्हणजे मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्याने, थोडी परत येते तशी ही येत नाही. प्रत्येक टायरचा याचा एक आकडा असतो, एक टन वजनामागे किती किलोचा अडथळा. उदाहरण धरा एका टायरचा ७ आहे आणि दुसऱ्याचा १०. तुमची गाडी माणसं धरून १७०० किलो पकडली तर पहिल्या टायरवर कुणीतरी गाडीला सतत १२ किलोने मागे ओढतंय आणि दुसऱ्यावर १७ किलोने. हे पाच किलो ऐकायला काहीच नाहीत पण १०० किमीला चाकापाशीच जवळजवळ १.४ युनिट जातात, मोटरचा लॉस धरला तर बॅटरीतून दीड. जी गाडी १०० किमीला १३ युनिट खाते ती साडेचौदा खायला लागली की ३०० ची २७० झालीच. पेट्रोल गाडीत इंजिन निम्म्याहून जास्त इंधन नुसतं उष्णतेत घालवतं म्हणून टायरचा फरक त्यात झाकला जातो, ईव्हीत मोटर फार थोडं वाया घालवते त्यामुळे टायरने खाल्लेलं लगेच डोळ्यात येतं.

गाडीबरोबर कंपनीने दिलेले टायर रेंज डोळ्यासमोर ठेवूनच निवडलेले असतात. तुम्ही आलात तेव्हा ते ४२ हजार चालून गोटा झाले होते, दोन मिलिमीटर पण नक्षी उरली नव्हती, आणि गंमत नाही सर, गोटा टायरच सगळ्यात हलका फिरतो कारण दबायला रबरच कमी असतं. नवीन टायरवर साधारण ८ मिमी असते, त्यामुळे अगदी तोच मॉडेल परत लावला असता तरी सुरुवातीला रेंज पडलीच असती. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणजे तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फिरतं आणि मीटर किमी वाढवून दाखवतं. २१५/६० आर१६ या साइजमध्ये हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या जुन्या ३०० मधले पाच किमी प्रत्यक्षात कधी चाललेच नव्हते.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही गायमुख घाटात पावसात गाडी सरकल्याचं सांगितलं होतं, आणि खड्ड्यात साईडवॉल फुटू नये असा टायर द्या म्हणालात. म्हणून जाड साईडवॉलचा, पाण्यात पकड चांगली असलेला दिला. पकड आणि कमी अडथळा दोन्ही एकत्र पाहिजे तर रबरात सिलिका जास्त असलेला टायर लागतो, तो मिळतो पण महाग पडतो, आणि नुसता स्वस्त कडक रबराचा टायर घेतला तर रेंज मिळेल पण ओल्या रस्त्यावर गाडी थांबणार नाही. लहान मुलं मागे बसतात म्हणालात, त्यामुळे आजही मी पकडच आधी बघेन. आणि गेला दीड महिना पावसाचा आहे, ऐरोली पुलावरून ऑफिसला जाताना टायर पाणी बाजूला ढकलत चालतो, एसी काच साफ ठेवायला चालू, त्याचेही काही किमी जातात.

पण आमच्या दोन चुका आहेत आणि त्या माझ्याच. एक, या टायरवर रेंज २५-३० किमी कमी होईल हे आम्ही तुम्हाला तोंडाने सांगायला पाहिजे होतं, महागडा पर्याय समोर ठेवून निवडायला तुम्हाला द्यायला पाहिजे होतं. दुसरी, नोंदीत दिसतंय की आमच्या पोराने सवयीने ३२ हवा भरली आणि तुमच्या दरवाजाच्या स्टिकरवर ३५ आहे. कमी हवेने टायर जास्त दबतो, रेंज तिथेही गेली. आजपासून प्रत्येक ईव्हीला स्टिकर बघूनच हवा भरायची आणि बिलावर लिहायची असं सगळ्यांना सांगितलंय.

एकदा गाडी घेऊन या, अलाइनमेंट आणि हवा फुकट करून देतो, टो, म्हणजे चाकांची समोरची दिशा, बिघडला असेल तर चाकं घासत चालतात तेही कळेल. त्यानंतर १५ दिवस तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालवा, डिस्प्लेवरची रेंज बघू नका, ती मागच्या ड्रायव्हिंगवरून बदलत राहते, १०० किमीला किती युनिट लागले ते लिहून ठेवा. तरी समाधान नाही झालं तर हे चार टायर मी झीज वजा करून परत घेतो आणि वरचे पैसे भरून तुम्ही सिलिकावाले लावा, त्यावर माझा नफा धरणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी सकाळी नऊला या आणि घरून सरळ या, टायर गरम असले की हवेचा आकडा जास्त दिसतो.